सासऱ्यांची होडी आणि ट्यूना दाखवणारं यंत्र

होडीत मासे दाखवणारं यंत्र बसवायची कल्पना माझी. आमच्या घरात चांगल्या कल्पना बायकोच्या असतात आणि उरलेल्या माझ्या, त्यामुळे याबद्दल कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. होडी सासऱ्यांची. ते गेल्यावर ती बायको आणि मेहुणा यांच्या वाट्याला निम्मी निम्मी आली, आणि होडी काही कलिंगड नव्हे अर्धी कापून न्यायला, म्हणून ती धक्क्याला तशीच बांधलेली होती. मेहुणा बँकेत आहे. त्याला बादलीतलं पाणी हललेलं बघूनही मळमळतं. मी पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक, म्हणजे पाण्याशी माझा संबंध पाणी न येण्यापुरता. तेव्हा होडी विकून टाकावी असं एका रविवारी चहा पिता पिता मेहुण्याचं आणि माझं ठरलं. बायको कपबशा उचलत होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "विका की. लाकूडच तर आहे." आणि ती आत गेली. चला, एक काम मार्गी लागलं, असं आम्हाला वाटलं.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. मोठं हॉटेल चालवणारे गृहस्थ. घरातसुद्धा काळा चष्मा घालायचे, आणि वस्तू पारखायची म्हणजे ती वाजवून बघायची अशी त्यांची रीत. त्यांनी होडी पुढून मागून वाजवली, केबिनचं दार वाजवलं, बोलता बोलता माझा खांदाही वाजवला. मग अट सांगितली. हॉटेलात उतरणाऱ्या हौशी पाहुण्यांना खोल समुद्रात नेऊन ट्यूना पकडायला लावायचा त्यांचा बेत होता. पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र हल्ली मिळतं. ते बसवा, मला एकदा समुद्रात न्या, पडद्यावर ट्यूना दाखवा, तिथल्या तिथे सौदा पक्का. मेहुण्याचा चेहरा पडला. मी मात्र म्हणालो, "त्यात काय, बसवू की." असली वाक्यं माझ्या तोंडून फार सहज निघतात. निस्तरायला मात्र वेळ लागतो.

यंत्राचे भाग दोन. एक पडदा आणि एक काळा गोळा, वायरीला लोंबणारा. गोळा पाण्यात सोडायचा. तो खाली आवाज सोडतो, तो आवाज माशाला आपटून परत येतो आणि पडद्यावर कमान उमटते. कमान जितकी जाड तितका मासा मोठा. मासा मोठा असला की यंत्र वर पिकपिक असं ओरडतंही. दुकानदाराने हे सगळं समजावलं आणि मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा कार्यालयात कुणी नाही.

यंत्र घरी आलं आणि इमारतीतली निम्मी माणसं चपला काढून आमच्या बैठकीत येऊन बसली. वरच्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी पडद्याकडे न बघताच सांगितलं की याचा उपयोग नाही. ट्यूना जन्मभर थांबत नाही, थांबला तर गुदमरतो, झोपेतही पोहत असतो, तेव्हा यंत्राने तो दाखवेपर्यंत तो कुठल्या कुठे गेलेला असणार. मग पडद्यावर दिसणार काय, तर ट्यूना गेल्याची जागा. शेजारच्या वहिनींना वेगळीच काळजी. आपल्याला मासा दिसला तर त्यालाही आपण दिसतो का, असं त्यांनी विचारलं. यावर मास्तर बराच वेळ गप्प बसले, आणि त्यांना गप्प बसवल्याबद्दल वहिनींचा मान इमारतीत वाढला तो अजून टिकून आहे.

शेवटी मास्तरांनीच सल्ला दिला की परमुलखात फजिती नको, आधी घरच्या पाण्यात परीक्षा घ्या. घरचं पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी. आम्ही वर गेलो. इमारतीचे सेक्रेटरी, त्यांना न विचारता कुणी टाकीचं झाकण उघडू नये म्हणून, किल्ली घेऊन स्वतः आले. मी गोळा आत सोडला. पडदा उजळला. आणि मधोमध एक कमान उमटली, चांगली भुवईसारखी, जाडजूड. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! यंत्र चालत होतं. आपण घेतलेली वस्तू पहिल्याच दिवशी चालते हा अनुभव मला तसा नवा होता.

माझ्याखेरीज कुणालाच आनंद झाला नाही. सेक्रेटरींनी हळूच विचारलं की हे काय. मास्तर म्हणाले, एवढी जाड कमान म्हणजे मोठा मासा, त्यात वाद नाही. मी खाली पोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती आणि सगळ्या मजल्यांवर नळ बंद झाले होते. लोकांना एकेक आठवायला लागलं. कुणाला पाण्याला वास येत होता, कुणाचा मुलगा परवापासून खोकत होता, एका आजीबाईंना तर अंघोळ करताना कुणीतरी बघतंय असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो तर टेबलावर आमच्याच इमारतीची तक्रार, पिण्याच्या पाण्यात मासा. तिच्यावर "चौकशी करू" असा शेरा मलाच मारावा लागला. मग सगळ्यांच्या देखत टाकी रिकामी केली. तळाशी सेक्रेटरींचा लाल मग होता. हाच मग तळमजल्यावाल्यांनी ढापला असा त्यांना संशय होता आणि त्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. बोलणं सुरू झालं, पण पाणी यायला वेळ लागला, आणि तोवर जिन्यात भेटलेल्या कुणीही माझ्याकडे बघून हसायचं टाळलं नाही.

आता बंदर कार्यालय. होडीत कुठलंही नवं यंत्र बसवायचं तर त्यांची परवानगी लागते. तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी विचारलं, यंत्र काय करतं? मी म्हटलं, आवाज सोडतं. मग आवाजाचा दाखला आणा म्हणाले. आवाजाचं कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या तपासनिसांनी गोळा कानाला लावला, डोळे मिटले, दुसऱ्या कानाला लावला, सहकाऱ्याच्या कानाला लावला. तो आवाज माणसाला ऐकू येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होतो. त्यांनी दाखला दिला की सदर यंत्रात आवाज आढळला नाही. तो घेऊन बंदरात आलो तर अधिकारी म्हणाले, आवाज सोडणारं यंत्र आवाज सोडत नाही म्हणजे ते बिघडलेलं आहे, आणि बिघडलेल्या यंत्राला परवानगी कशी देणार?

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, कौतुक वाटलं. मी या धंद्यातला माणूस. एवढं गोल आणि एवढं निर्दोष अडवणं आमच्या कार्यालयातही कुणाला जमलेलं नाही. मी तसं बोलून दाखवलं आणि अधिकारी लाजले. त्यांनी चहा मागवला. चहा पिता पिता त्यांनीच विचारलं की त्याचा पडदा उजळतो का. उजळतो, म्हटलं. मग तो दिवा झाला, आणि होडीत दिवा लावायला परवानगी लागत नाही. अशा रीतीने मासे दाखवणारा दिवा आमच्या होडीत बसला.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही धक्क्यावर जमलो. मेहुणा आधीच पांढरा पडला होता. बायको म्हणाली, तुम्ही दोघं पडाल, मी येते. माझा हात धरून मला चढवावं लागलं. ती मात्र पायाखाली न बघता, हातातल्या पिशवीसकट, घराचा उंबरठा ओलांडावा तशी चढली. तिचं लहानपण याच होडीत गेलंय हे मी लग्नापासून ऐकत होतो. गोळा एका लांब काठीला बांधून मागच्या बाजूने पाण्यात सोडायचा होता. माझी गाठ तिने बघितली, सोडली, स्वतः बांधली आणि गोळाही तिनेच पाण्यात सोडला. होडी चालवायची मेहुण्याने, पण बंदराचा बांध मागे पडला न पडला तोच त्याने सुकाणू सोडलं आणि कठड्यावर पोट टेकून तो खाली बघत उभा राहिला. बायकोने सुकाणू हातात घेतलं. इंजिन खोकलं तशी तिने बाजूच्या फळीवर हलकी थाप मारली आणि "चल गं बाई" म्हणाली. इंजिन गुमान चालायला लागलं.

हॉटेलवाले खुशीत होते. सगळा बेत त्यांनी ऐकवला. ही जुनी केबिन उपटून टाकायची, वर नाचायला जागा करायची, दोन्हीकडे मोठे स्पीकर, आणि सगळी होडी नारिंगी रंगवायची म्हणजे लांबून दिसेल. हे सुकाणूही जुनाट आहे, ते हॉटेलच्या दारात शोभेला टांगू. बायको पुढे बघत होती. मी "छान, छान" म्हणत होतो, कारण गिऱ्हाईकाशी असंच बोलायचं असतं.

खोल पाण्यात पोचलो. मी पडद्यासमोर बसलो. पडद्यावर काही नव्हतं. मासा सोडा, तळही दिसेना. मी बटणं दाबली. पडदा काळा झाला, निळा झाला, मग त्याने मला भाषा निवडायला सांगितलं. हॉटेलवाल्यांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग ते यंत्र वाजवून बघायला लागले. शेवटी म्हणाले, "साहेब, हे यंत्र नाही, डबा आहे." हे मात्र मला लागलं. टाकीतला मग शोधणारं यंत्र समुद्रात आंधळं कसं होईल? हॉटेलवाले पुढच्या टोकाला जाऊन दुर्बीण लावून बसले, तेव्हा मी मागे गेलो आणि काठी वर ओढली.

गोळ्याला अंगरखा घातलेला होता. रेनकोटच्या कापडाचा, दुहेरी शिवणीचा, तोंडाशी इलॅस्टिक. आत हवा भरून तो टम्म फुगला होता. आवाज बाहेर पडणार कुठून?

आता आमच्या घरात टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला आहे, रिमोटला पिशवी आहे, आणि सोफ्याच्या कव्हरवर पाहुण्यांनी बसू नये म्हणून आणखी एक कव्हर आहे. तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही. वाटला तो आनंद. यंत्र चांगलं होतं, मी चांगला होतो, दोष शिवणकामाचा होता. कव्हर ओढून काढलं, काठी पाण्यात सोडली आणि धावत पडद्यापाशी आलो. आणि काय सांगू! सगळा पडदा भरला. कमानी, कमानींवर कमानी, जाड, तिरप्या, एकमेकींत घुसलेल्या, आमच्या पायाखालून कळपच्या कळप चालला होता. असलं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. मला मास्तर दिसले, सेक्रेटरी दिसले, अख्खी इमारत जिन्यात उभी राहून माझी माफी मागताना दिसली. "सापडले" म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं आणि मान वळवली.

बायको माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातातल्या त्या ओल्या कव्हरकडे. मी तिला इतकी वर्षं ओळखतो. भांडताना तिचा चेहरा कसा होतो, रुसल्यावर कसा होतो, मला पाठ आहे. पण पकडली गेल्यावर तिचा चेहरा कसा होतो ते मला माहीतच नव्हतं. मला सगळं एकदम दिसलं. समुद्रावर वाढलेली बाई. गाठ बांधताना जिचा हात चुकत नाही. ती पाण्यात बुडवायच्या वस्तूला भिजू नये म्हणून रेनकोट घालेल?

तिची एक मूठ सुकाणूवर होती आणि बोटं पांढरी झाली होती. ती डोळ्यांनी काहीही मागत नव्हती. मी आता ओरडणार, होडी जाणार, आणि ती कपबशा उचलायला आत जाणार, एवढंच तिने गृहीत धरलं होतं. मी कव्हर खिशात कोंबलं.

"काही दिसलं का?" हॉटेलवाल्यांनी पुढून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "सगळं रिकामं आहे."

त्याच क्षणी यंत्र पिकपिक करायला लागलं. एकदा नाही, थांबेचना. हॉटेलवाले उठून यायला लागले तसा मी पडद्यावर पालथा पडलो आणि सांगितलं की बॅटरी उतरत आली की ते असंच रडतं. मग ते म्हणाले, तिकडे पक्षी फार जमलेत, पक्षी जमतात तिथे मासा असतो असं ऐकलंय. मी पडद्याला आणखी घट्ट चिकटलो. पण सुकाणूवरून आवाज आला, अगदी थंड, की ते पक्षी रोजच तिथे असतात, त्यांना दुसरा उद्योग नाही. मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला.

संकट आलं ते मेहुण्याकडून. कठड्यावरून लोंबत लोंबत त्याने मान वर केली आणि क्षीण आवाजात म्हणाला, "भाऊजी, खाली मासे आहेत. मोठे मोठे आहेत." बिचारा सगळा वेळ पाण्याकडेच तोंड करून होता, त्याला दिसणार नाही तर कुणाला? मी धावत जाऊन त्याचे डोळे हाताने झाकले आणि हॉटेलवाल्यांना सांगितलं की समुद्र लागला की माणसाला असं काहीबाही दिसतं, आमच्या घराण्यात सगळ्यांना दिसतं. तो माझ्या नाही, बायकोच्या घराण्यातला आहे हे सुदैवाने कुणाला सुचलं नाही. इतक्यात त्यांच्या पाठीमागे एक ट्यूना सबंध पाण्याबाहेर आला, उन्हात चकाकला आणि धप्पकन आपटला. अंगावर पाणी उडालं म्हणून ते वळले. हे काय, असं त्यांनी विचारलं. "लाट," आम्ही नवरा-बायको एकदमच म्हणालो. लग्नानंतर आमचं कशावर तरी एकमत झालेलं मेहुण्याने पहिल्यांदाच ऐकलं असणार.

परतीच्या वाटेवर हॉटेलवाले बोलतच होते. यंत्र डबा, होडी म्हातारी, आणि मी कागद हलवणारा माणूस, मला समुद्रातलं काय कळणार. खिशात ते ओलं कव्हर, पायाखाली एवढा मोठा विजय, आणि मी म्हणायचं, बरोबर आहे तुमचं. मला ते किती जड गेलं हे फक्त एखाद्या लिपिकालाच कळेल, ज्याचा हिशेब बरोबर असतो आणि ज्याला साहेबांसमोर चुकला म्हणून सांगावं लागतं. पण गंमत अशी, की त्यांचा प्रत्येक शब्द मला लागत होता आणि माझं हसू काही केल्या मावत नव्हतं.

धक्क्याला लागताच त्यांनी शेवटचं एकदा होडीला वाजवलं, मान हलवली आणि ते निघून गेले. मेहुणा जमिनीवर उतरला आणि तिथेच बसला. श्वास आल्यावर म्हणाला की काळजी करू नका, दुसरं गिऱ्हाईक बघू.

"नको बघूस," बायको म्हणाली. "होडी विकायची नाही. माझा निम्मा वाटा मी देत नाही, काय करायचं ते कर."

मेहुणा बघतच राहिला. "मग ताई, आधी का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं होतं? तुम्ही मला सांगितलंत."

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, मी समुद्राकडे बघितलं. मग तो म्हणाला की माझाही वाटा तूच ठेव, फक्त मला पुन्हा त्यात बसवू नका. आणि तो उठून, भिंतीचा आधार घेत घेत, घराकडे गेला.

मीही उतरायला निघालो. एक पाय धक्क्यावर, एक होडीत. आता घरी जायचं, आणि इमारतीला सांगायचं की मास्तर म्हणत होते तेच खरं, यंत्राचा उपयोग नाही. मनाची तयारी चालली होती. पण बायको काही दोर बांधेना. मागे इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

"तुम्ही कुठे निघालात?" बायको म्हणाली. ती सुकाणूवर होती, डोळे पुसत होती आणि हसत होती. "बसा खाली. तो गोळा पाण्यात सोडा, आणि काय दिसतं ते सांगा. आता खरं सांगा."